‘आजारपण हे निमित्त आहे’ : त्या फिरत्या मेसेजला उत्तर

निकाल लागले की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. आजची पोरं डिग्री अर्धवट सोडतात ती आजारपणामुळे नाही, आळसामुळे. आम्ही तापात पेपर दिले. डिप्रेशन ही मोबाइलने आणलेली फॅशन आहे. मेडिकल सर्टिफिकेट पैसे टाकले की मिळतं. सकाळी उठून सूर्यनमस्कार घाला, घरचं जेवा, सगळं मार्गी लागेल. आणि शेवटी पालकांना सल्ला : वर्ष वाया गेलं की पोराला कॉलेजातून काढा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला लावा.

यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला, खाली ‘अगदी बरोबर’ची रांग लागली. मी गंगापूर रोडच्या परिसरात एका कॉलेजात शिकवते, म्हणून मुद्दे एकेक करून घेते. सगळे सारख्या तोलाचे नाहीत, तेव्हा काहींना दोन ओळींत उरकणार आहे.

आधी तापातला पेपर. दिला असेल, शंकाच नाही. पण पेपर हा तीन तासांचा मामला आहे. डिग्री अडते ती त्याच्या बऱ्याच आधी, हजेरीपटावर. एका सत्रात शिकवण्याचे दिवस धरले जातात साधारण ९०. हजेरी हवी ७५ टक्के. म्हणजे विद्यार्थ्याच्या हातात सुटीचे जेमतेम २२ दिवस. त्यात गावाकडचं लग्न, एसटीचा संप, घरातलं एखादं मयत. आता पावसाळ्यात डेंग्यू होऊ द्या, नाशिककरांना तो सांगायला नको. ताप आठवड्यात उतरतो, पण अंगात त्राण यायला पुढचे दोन-तीन आठवडे जातात. टायफॉइड, कावीळ यांचा हिशेब तसाच. क्षयरोगाचं तर साधं औषधच सहा महिने चालतं, एका सत्रापेक्षा जास्त. २२ दिवस तिथेच संपले.

हजेरी कमी पडली की नाव डिफॉल्टर यादीत. टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे कॉलेजने सत्र मंजूर केलं नाही, तर परीक्षेला बसता येत नाही. आणि पाचव्या सत्राचे विषय पुन्हा शिकवले जातात ते पुढच्या वर्षीच्या पाचव्या सत्रात. तीन आठवड्यांचं दुखणं आणि किंमत अख्ख्या वर्षाची. इथे आळस कुठे आला? वर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली जागा ही बहुधा पास-नापासावर टिकते. म्हणजे ज्याला वर्ष पुन्हा करायचंय त्याच्या डोक्यावरचं छप्परही त्याच वर्षी हलतं. घरचं बरं असलेला मुलगा हे वर्ष पचवतो, सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातला मुलगा बॅग उचलून गावी जातो. कागदावर दोघांचा आजार एकच.

सूर्यनमस्कार आणि घरचं जेवण. व्यायामाने मन आणि शरीर दोन्ही सुधारतं, यावर वाद नाही. माझा वाद ‘घरचं’ या शब्दाशी आहे, कारण नाशिकमध्ये शिकणारी बरीच पोरं घरी राहतच नाहीत. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, बागलाण इकडून ती येतात. वसतिगृहात नाहीतर कॉट बेसिसच्या खोलीत राहतात आणि खाणावळीचा डबा दोन वेळा पुरवून खातात. महिनाअखेरीला डबा एक वेळचा होतो, हे कुठल्याही खाणावळवाल्या मावशींना विचारा. आदिवासी विकास विभागाचं आयुक्तालय याच शहरात आहे. वसतिगृहातली खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा २०१८ मध्ये त्याला विरोध करत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून पायी नाशिककडे निघाले होते. खात्यात पैसे उशिरा पडले तर भाकरी उशिरा मिळते, इतका साधा मुद्दा होता तो. अशा मुलाला पहाटे सूर्यनमस्कार घालायला सांगण्याआधी काल रात्री जेवलास का, हे विचारावं.

मुलींचं तर आणखी वेगळं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं; आधीच्या फेरीत हाच आकडा ४८ होता. देशभरातल्या १५ ते १९ वयाच्या मुली वेगळ्या काढल्या तर ५९.१ टक्के. म्हणजे माझ्यासमोर बाकावर बसलेल्या मुलींपैकी अर्ध्याअधिक. दुपारच्या तासाला डोळे मिटतात, दोन जिने चढून प्रॅक्टिकलला आली की धाप लागते, वाचलेलं डोक्यात राहत नाही. याला वर्गात ‘लक्ष नसतं’ म्हणतात आणि घरी ‘आळशी झालीय’. रक्ताची एक तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि नीट जेवण यांनी सुधारणारी ही गोष्ट. आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. त्यात दुखण्याचे झटके येतात आणि ते परीक्षेचं वेळापत्रक बघून येत नाहीत.

आता फॅशनचा मुद्दा, म्हणजे मेसेजमधला सगळ्यात लाडका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षणांतून २१ देशांची माहिती एकत्र करून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या साधारण दर पाच विद्यार्थ्यांत एकाला वर्षभरात कुठला तरी मानसिक विकार आढळला. त्यातल्या ८३ टक्क्यांचा त्रास कॉलेजात पाय ठेवायच्या आधीच सुरू झालेला होता. आणि मधेच शिक्षण सोडण्याशी जास्त घट्ट संबंध होता तो या आधीपासूनच्या त्रासाचा. म्हणजे ‘कॉलेजात गेला, मोबाइल मिळाला, बिघडला’ ही कथा तिथेच लंगडी पडते. पोरगं दुखणं घरूनच घेऊन येतं. दहावी-बारावीच्या क्लासांच्या धबडग्यात ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. उपचार किती जणांना मिळाले? १६ टक्क्यांच्या आसपास. फॅशन म्हणावी तर फारच थोडे लोक ती मिरवताहेत.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा, २००९ मध्ये छापून आलेला एक अभ्यास मला त्याहून उपयोगी वाटतो. नैराश्य असलेल्यांचे गुण घसरतात आणि शिक्षण सुटण्याची शक्यता वाढते, हे त्यात दिसलंच. पण त्यांनी लक्षणं वेगवेगळी करून पाहिली. गुणांवर खरा परिणाम दिसला तो कशातच रस न वाटण्याचा. रडणारा, अस्वस्थ मुलगा निदान लोकांना दिसतो. ज्याला कशाचंच काही वाटेनासं झालंय तो शांतपणे मागच्या बाकावर बसतो, जर्नल अपुरं ठेवतो, मग येईनासा होतो. बाहेरून हे हुबेहूब आळसासारखं दिसतं. मेसेज लिहिणाऱ्याची फसगत समजू शकते, पण त्या फसगतीवर सल्ले देऊ नयेत.

एक मात्र सरळ कबूल करावं लागेल : संबंध दोन्ही दिशांनी चालतो. आजारपणामुळे विषय राहतात, तसं राहिलेल्या विषयांमुळे माणूस आजारी पडतो. आणि बऱ्याचदा दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट असते, घरातली ओढाताण. शिवाय प्रत्येक अर्धवट डिग्रीमागे आजार नसतोच. मुलीचं लग्न ठरतं, द्राक्षबागेला गारपीट लागते, शाखाच चुकलेली असते. ‘सगळं आजारामुळे’ असं मी म्हणत नाही. ‘आजारामुळे काहीच नाही’ हे म्हणणं खोटं आहे, एवढंच.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ आमच्या वेळी मोजलं कुणी? जो सुटला तो गावी गेला, शेतीला लागला, ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून विषय बंद. ग्रुपवर अंगठे देताहेत ते तेव्हा पास झालेले.

सर्टिफिकेटबद्दल मेसेज खरं बोलतो. खोटी सर्टिफिकेटं येतात, मी पाहिली आहेत, अक्षर आणि शिक्काही ओळखीचा झालाय. पण हा बाजार का भरतो ते बघा. नियमाला फक्त कागद कळतो, म्हणून कागद विकला जातो. खरोखर आजारी असलेला मुलगा बऱ्याचदा कागद आणतच नाही. मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाची चिठ्ठी ऑफिसात क्लार्कच्या टेबलावर ठेवायची, सगळ्यांदेखत? त्यापेक्षा तो डिफॉल्टर होणं पत्करतो. खोट्या कागदामुळे खऱ्या आजाऱ्याला फटकारायचं असेल, तर मग खोट्या जातप्रमाणपत्रांमुळे सगळ्यांचेच दाखले फाडा की.

राहिला शेवटचा सल्ला, कॉलेजातून काढा. हाच सगळ्यात नुकसानीचा, कारण आईबाप तो ऐकतात. कारखान्यात काम करण्यात कमीपणा नाही, पण अंगात ताप असलेलं पोर बारा तासांच्या पाळीत बरं होत नाही. आणि परतीची वाट आज पूर्वीपेक्षा रुंद आहे. २०२१ पासून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची सोय आहे. मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक, तिथे जमा राहतात आणि जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत वापरता येतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात अटी पूर्ण केल्या तर एका वर्षावर प्रमाणपत्र, दोनवर पदविका घेऊन थांबता येतं आणि पुन्हा येता येतं. रोज वर्गात बसणं झेपतच नसेल तर १९८९ पासूनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला उभं आहे. नाशिकच्या माणसाने ते विसरावं हे नवल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, मानसिक आजार हेही येतात. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर प्रवेशात राखीव जागा आहेत आणि लिहिण्यात अडचण असलेल्यांना परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. तुमच्या पाल्याच्या कॉलेजात तो कोण आहे, कुठल्या खोलीत बसतो, हे पालकसभेत विचारा. पार्किंगच्या प्रश्नाआधी विचारा.

आणि पोर आजारी पडलंच, तर पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षक आणि प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. दवाखान्याचे केसपेपर, रिपोर्ट, औषधांची बिलं एका फाइलला लावा. सत्र संपताना धावपळ करून आणलेल्या सर्टिफिकेटपेक्षा त्याचं वजन जास्त असतं. सगळे विषय झेपत नसतील तर परीक्षेचा फॉर्म कोरा सोडू नका, जे झेपतील ते पेपर द्या, बाकीची एटीकेटी, म्हणजे राहिलेले विषय, नंतर सुटते. मन उतरलेलं दिसत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतो.