आता बघा हं, पुढे गंमत आहे!

आवडता पदार्थ दुसऱ्याला खाऊ घालणे सोपे असते, कारण तो आवडला नाही तर पाहुण्याला पोट भरल्याचे निमित्त सांगता येते. आवडता विनोद दुसऱ्याला दाखवताना मात्र दोघांचीही सुटका नसते, कारण ‘आत्ताच घरून हसून निघालो’ असे आजवर कोणत्याही पाहुण्याने सांगितलेले नाही.

आमचे व्याही इंदूरचे. घराणे तीन पिढ्या तिकडे असले तरी मराठी अस्खलित, स्वभाव अतिशय सौम्य, आणि सभ्यता तर अशी की आपणच संकोचावे. दिवाळीत ते आमच्याकडे आले असता त्यांनी ‘अशी ही बनवाबनवी’ पाहिलेला नसल्याचे बोलता बोलता उघड झाले. 1988 सालापासून महाराष्ट्रातले कितीतरी संसार ज्या चित्रपटातल्या वाक्यांवर चालले आहेत, तो आपल्या मुलीच्या सासऱ्यांनी पाहिलेला नाही, हे मला सोयरीक जमवताना कोणीही सांगितले नव्हते. मी लगेच टीव्ही लावला. ‘अहो, त्यांना जरा पडू द्या,’ असे ही म्हणाली, पण व्याही ‘नाही, नाही, लावा ना’ म्हणाले आणि पाठीला लोड घेऊन ताठ बसले.

अशा वेळी दाखवणारा माणूस पडद्याकडे पाहत नाही. पुढचा अडीच तास मी व्याह्यांच्या डाव्या गालाकडे पाहत होतो. खऱ्या हास्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो आणि तो सहसा मुद्दाम आकसता येत नाही, हे ड्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने 1862 मध्ये लिहून ठेवले आहे. व्याह्यांचे ओठ प्रत्येक प्रसंगाला न चुकता रुंदावत होते, पण डोळे मात्र सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवाल ऐकणाऱ्याचे होते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी दात न दाखवता केलेले स्मित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, तर डोळ्यांत पाणी आणून, दोन्ही कुशी धरून, मोठ्याने केलेले अतिहसित अधमांचे. त्या दुपारी आमच्या दिवाणखान्यात उत्तम आणि अधम प्रकृती शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये चकलीची बशी होती.

अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी पडद्यावर जिवाचे रान केले असतानाही मला त्यांच्या मदतीला धावून जाणे भाग वाटू लागले. ‘आता बघा हं, पुढे गंमत आहे,’ असे मी प्रत्येक प्रसंगाआधी सांगत होतो, आणि तरीही ते हसले नाहीत की चित्रपट थांबवून, चौघांपैकी दोघांना साडी नेसून बायको का व्हावे लागले याची कारणमीमांसा करत होतो. व्याही ‘हो हो, घर भाड्याने मिळवण्याची अडचण असतेच’ असे म्हणून सहानुभूती व्यक्त करत. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरली की हसू येते, असे जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1790 साली म्हटले आहे. माझ्याकडे अपेक्षा भरपूर ताणली गेली, ती शून्यातही विरली, पण हसू आले नाही.

मग ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य आले. मी ते पात्राच्या आधीच म्हणून टाकले, ही स्वयंपाकघरातून हसली, आणि व्याह्यांनी अत्यंत आस्थेने विचारले, ‘मग राहतात का?’

त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. नीट पाहिले तर हे वाक्य कोणत्याही पोस्टमनने विचारावे असे आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने 1900 साली हास्यावर लिहिलेल्या पुस्तकात एक किस्सा दिला आहे. चर्चमधले प्रवचन ऐकून सगळे रडत असताना एक गृहस्थ कोरडा राहिला आणि कारण विचारल्यावर म्हणाला, ‘मी या पॅरिशचा, म्हणजे या चर्चच्या मंडळीतला, नाही.’ अश्रूंपेक्षा हास्याला हे अधिक लागू पडते, असे बर्गसाँ म्हणतो. आम्ही त्या वाक्याला हसतो ते वाक्यासाठी नसून, ते पूर्वी ज्यांच्याबरोबर ऐकले त्या भावंडांसाठी, वसतिगृहातल्या मित्रांसाठी आणि चाळीतल्या एकमेव टीव्हीपुढच्या गर्दीसाठी असते, आणि ती गर्दी इंदूरच्या पाहुण्याला मी ऐन दिवाळीत कोठून आणून देणार? अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने ध्वनिमुद्रित हशाचे एक यंत्र तयार केले होते आणि दूरचित्रवाणीच्या मालिका वर्षानुवर्षे त्यावर चालल्या. त्या दुपारी मी ते हप्त्यांनी घेतले असते.

रात्री जेवताना व्याह्यांनी आपल्या जुन्या कार्यालयातल्या कोणा बडेबाबूंची गोष्ट सुरू केली. बडेबाबू जिन्यावरून येत होते आणि त्यांच्या हातात पपई होती, येथपर्यंत आम्हाला कळले. पुढे व्याह्यांचे खांदे हलू लागले, डोळ्यांतून पाणी आले, ‘पपई... पपई...’ एवढेच शब्द फुटू लागले, आणि भरतमुनींच्या पायऱ्या ते धडाधड उतरू लागले. पपईचे पुढे काय झाले हे आजतागायत कोणालाही ठाऊक नाही, पण आम्ही सगळेच ताटावर वाकून हसत होतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने लोकांच्या गप्पांतले सुमारे 1200 हशे टिपले, तेव्हा विनोद म्हणता येईल अशा बोलण्यावरचे हशे पाचातला एकसुद्धा भरले नाहीत. त्यांनी पपई नोंदवली असती, तर हिशेब कोठे धरला असता कोण जाणे.

व्याही इंदूरला परतले आणि दोनच दिवसांत त्यांनी माझ्या मोबाइलवर एका हास्यकविसंमेलनाचे दीड तासाचे चित्रीकरण पाठवले. सोबत ‘बाविसाव्या मिनिटाकडे विशेष लक्ष असू द्यावे, रविवारी फोन करतो’ अशी सूचना होती. बाविसावे मिनिट मी पाहिले. एक कवी काहीतरी म्हणतो, सभागृह कोसळते, आणि पहिल्या रांगेतले एक आजोबा खुर्चीवरून घसरतात. आता रविवार आला आहे, आणि कवी नेमका कशाबद्दल बोलत होता हे मुलीला विचारून घ्यावे म्हणून मी सकाळपासून तिला फोन लावतो आहे, पण तिचा फोन सासऱ्यांकडे आहे. ते माझाच नंबर लावत असणार.