वर्ग डिजिटल झाला म्हणे, पण माऊस कोणाच्या हातात आहे?

भिंतीवर मोठा स्क्रीन लागला की तो वर्ग डिजिटल झाला असं आता सगळे धरूनच चालतात. अशा वर्गांचे फोटो बघा कुठलेही, नवाकोरा स्क्रीन, बाजूला पाहुणे, आणि समोर हाताची घडी घालून रांगेत बसलेली मुलं. मी प्राथमिकला शिकवते, पहिली ते चौथी सगळे वर्ग हाताखालून गेलेत, आणि असा फोटो दिसला की मला पहिला प्रश्न हाच पडतो की माऊस कोणाच्या हातात आहे? बाईंच्या. व्हिडिओ लावणार बाई, थांबवणार बाई, पुढचं पान बाई उघडणार आणि मुलं बघणार. म्हणजे आधी काळा फळा होता आता चमकणारा फळा आला, बाकी वर्ग होता तसाच.

आता लगेच कोणी म्हणेल की बाई कॉम्प्युटरच्या विरोधात आहेत. अजिबात नाही. कळी उमलताना, हृदय धडधडताना, ज्वालामुखीतून लाव्हा वाहताना मी कितीही हातवारे करून सांगितलं तरी जे डोळ्यासमोर उभं राहणार नाही ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत राहतं, हे मान्यच. पण दोन मिनिटंच हो. मग बंद करायचा आणि विचारायचं, आता पुढे काय होईल सांगा. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ लावला की पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावर खोडरबराची मारामारी सुरू होते, आणि जी मुलं शांत असतात ती लक्ष देतायत म्हणून शांत आहेत असं समजू नका, त्यांची नुसती तंद्री लागलेली असते.

आणि हे पडद्याचं वेड आजचं नाहीच. एडिसन माहितीये ना, त्याने 1913 मध्ये सांगून टाकलं होतं की लवकरच शाळेतली पुस्तकं कालबाह्य होणार, सगळं चित्रपटातूनच शिकवता येईल आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल. त्यानंतर रेडिओ आला, टीव्ही आला, कॉम्प्युटर आला, टॅबलेट आला, आता एआय आलंय, आणि दर वेळी तेच भाकीत नवीन पॅकिंगमध्ये येतं. पुस्तकं आहेत अजून.

व्हिडिओपेक्षा मला जास्त खटकतात ती सरावाची ॲप्स. दिसायला छान, रंगीत, उत्तर बरोबर आलं की टाळ्या, तारे, फुगे. पण एकदा मुलाच्या मागे उभं राहून नीट बघा काय चाललंय. प्रश्न येतो, आकृतीचा अर्धा भाग रंगवलाय की पाव, खाली चार पर्याय. मूल प्रश्न वाचतच नाही. पहिल्या पर्यायावर टिचकी, लाल. दुसऱ्यावर, लाल. तिसऱ्यावर, हिरवा, टाळ्या! पुढचा प्रश्न. पाच मिनिटांत पंचवीस प्रश्न संपतात आणि रिपोर्टमध्ये येतं की विद्यार्थ्याने अपूर्णांकाचा घटक पूर्ण केला. त्याच मुलाला कागदाची पट्टी देऊन म्हटलं की याचा पाऊण भाग दुमडून दाखव, तर ते माझ्या तोंडाकडे बघतं. मूल हुशारच आहे, त्याने ॲपला बरोबर ओळखलंय! कमीत कमी मेहनतीत टाळ्या कशा मिळवायच्या हे ते शिकलंय, फक्त आपल्याला शिकवायचं होतं ते वेगळं होतं.

मग कॉम्प्युटर वापरायचा तरी कसा? याचं मला पटलेलं उत्तर फार जुनं आहे, 1967 चं. सेमूर पेपर्ट नावाचा गणितज्ञ, मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाबरोबर जिनिव्हाला काम करून आलेला, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांना कॉम्प्युटरला हुकूम देता यावेत म्हणून लोगो नावाची भाषा बनवली. त्यात एक कासव असतं. सुरुवातीच्या काळात ते खरोखर जमिनीवर फिरणारं यंत्र होतं, पेन लावलेलं, नंतर स्क्रीनवर आलं. त्याला हुकूम द्यायचे, पुढे जा 100, उजवीकडे वळ 90, ते जिथून जाईल तिथे रेघ उमटते. बस एवढंच. पेपर्टचं म्हणणं असं की सगळीकडे कॉम्प्युटर मुलाला चालवतोय, खरं तर मुलाने कॉम्प्युटरला चालवलं पाहिजे. त्या काळी कॉम्प्युटर खोलीएवढे असायचे, लहान पोरांच्या हातात द्यायचे म्हणजे लोकांना वेडेपणाच वाटत असणार.

हे कासव चौथीच्या मुलांसमोर ठेवलं की काय होतं ते बघण्यासारखं असतं. चौकोन पटकन जमतो. मग मी म्हणते, त्रिकोण काढा, तिन्ही बाजू सारख्या. कोणीतरी घरी मोठ्या भावंडाकडून ऐकून आलेलं असतं की अशा त्रिकोणाचा कोन 60 चा असतो, मग मोठ्या आत्मविश्वासाने पुढे जा 100, वळ 60, असं तीनदा. आणि कासव भलतीकडेच! त्रिकोण बंदच होत नाही, अर्धवट वाटीसारखं काहीतरी तयार होतं. मी गप्प बसते. (हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, खरंच सांगते, उत्तर जिभेवर असतं.) एक मुलगा म्हणतो कॉम्प्युटर बिघडलाय. शेजारची म्हणते, नाही बिघडला, तू चुकीचं सांगितलंस. भांडण. मग एक मुलगी उठते, जमिनीवरच्या फरशीवर स्वतःच कासव होऊन चालायला लागते, चार पावलं पुढे, आता वळायचं... आणि वळता वळता तिच्या लक्षात येतं की अगं, मला तर खूप वळावं लागतंय, जवळजवळ मागेच तोंड करावं लागतंय! 60 ने काय होणार? मग 100 करून बघतात, 110, 130, जास्त झालं, 120. बंद झाला त्रिकोण. तोवर शेजारच्या गटातल्या एका मुलाने 60 सोडलेलं नसतं, त्याने तेच सहा वेळा करून बघितलेलं असतं आणि त्याच्या स्क्रीनवर मस्त षटकोन आलेला असतो. "बाई, मधमाश्यांचं घर!" त्याचं चुकलं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आकृतीच्या आतला कोन आणि आपण वळतो तो कोन वेगळा, हे मी फळ्यावर सांगितलं असतं तर दोन मिनिटं लागली असती आणि कोणाच्याही लक्षात राहिलं नसतं. इथे अख्खा तास गेला. आणि यंत्राने यात केलं काय, तर सांगितलं तेवढंच केलं, टाळ्या नाहीत की तारे नाहीत. ॲपमध्ये लाल आलं की मूल लगेच दुसरीकडे टिचकी मारतं, इथे चूक समोर रेघ होऊन उभी राहते आणि तिच्याकडे बघावंच लागतं.

आता लोगो कशाला, त्याच विचारातून आलेली स्क्रॅच ही भाषा 2007 पासून आहे, फुकट आहे, स्क्रीनवर हुकुमांचे ठोकळे जोडत जायचे. वाचता न येणाऱ्या 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅचज्युनिअर आहे, त्यात ठोकळ्यांवर अक्षरांऐवजी चित्रंच आहेत. म्हणजे साधनं नाहीत अशातला भाग नाही, पण या साधनांत मूल गोंधळ घालणार, वर्गात आवाज होणार, रिपोर्टमध्ये आकडा येणार नाही, म्हणून ती मागे पडतात आणि टाळ्यावाली ॲप्स पुढे जातात.

वरच्या भांडणात तिघंचौघं एका स्क्रीनवर होती हे लक्षात आलं का? प्रत्येकाला वेगळं यंत्र असतं तर ते भांडणच झालं नसतं, आणि ती मुलगी उठून चाललीही नसती कदाचित. तरीही आपल्या डोक्यात आदर्श शाळा म्हणजे दर मुलामागे एक टॅबलेट असंच बसलंय. जगाने हे करून बघितलंय हो. 2005 मध्ये निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी 100 डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, प्रत्येक मुलाला एक, किंमत प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली ते जाऊ दे, पेरू देशाने लाखोंनी घेतले आणि खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांत वाटले. नंतर पाहणी झाली, तिचा अहवाल 2012 मध्ये आला, तर गणितात आणि भाषेत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत फरक दिसला नाही. यंत्र पोचलं, पण तासाला त्याचं करायचं काय हे शिक्षकांपर्यंत पोचलंच नव्हतं.

आणि याच्या उलट उदाहरण आपल्या जवळचंच, बडोद्याचं. 2002 ते 2004 या काळात तिथल्या महापालिकेच्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला फक्त दोन तास कॉम्प्युटर, एका यंत्रावर दोन मुलं, आणि गणिताचे असे खेळ की मूल जिथे आहे तिथून पुढे जाईल. सोबत एक माणूस मदतीला. गणितातले मार्क चांगलेच वाढले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींनी केलेला अभ्यास आहे हा. त्यातच हेही आहे की कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला, म्हणजे एकदा देऊन मोकळं व्हायचं हे औषध नाहीच. पण बघा, दोन मुलं, दोन तास, एक माणूस. पेरूपेक्षा किती कमी यंत्रं!

पहिली दुसरीबद्दल मात्र मी हट्टी आहे. तिथे पेन्सिल. लिहिता येण्याआधी टाइप करायला शिकवणारे पालक भेटतात, "पुढे हेच लागणार ना बाई", लागेल की, पण अक्षर ओळखायला शिकणं ही डोळ्यांची जितकी गोष्ट आहे तितकीच हाताची आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स यांनी वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला, काही अक्षरं हाताने काढायला दिली, काही गिरवायला, काही टाइप करायला, आणि मग तीच अक्षरं बघताना मुलांच्या मेंदूचं स्कॅन केलं. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात ते स्वतः हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झाले, टाइप केलेल्यांच्या वेळी तसे नाही. गिरवलेल्यांच्या वेळीही नाही, हे मला विशेष वाटलं कारण गिरवणं आपण किती करून घेतो! मुलाने काढलेला वेडावाकडा क प्रत्येक वेळी वेगळा येतो आणि त्या सगळ्या वेगळ्या क मधून त्याला क म्हणजे काय ते कळतं, कीबोर्डवरचा क कायम सारखाच. पोरांच्या बोटांची पकड टॅबलेटवर बोट सरकवून तयार होत नाही हेही आहेच, आजकाल पहिलीत येणाऱ्या मुलांना कात्री धरता येत नाही, बटण लावता येत नाही, हे कुठल्याही पहिलीच्या बाईंना विचारा.

म्हणून स्वीडनची बातमी आली, 2023 ची, की तिथल्या सरकारने छापील पुस्तकांसाठी शाळांना मुद्दाम पैसे दिले आणि बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्ती काढायची ठरवली, तेव्हा मला बरं वाटलं. पण लगेच बऱ्याच ग्रुपवर "बघा, स्वीडनने कॉम्प्युटर फेकून दिले" असं फिरायला लागलं, तसं काही नाहीये. कॉम्प्युटरच्या बाजूचे आणि विरोधातले दोघंही अर्धी बातमी वाचतात.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, कॉम्प्युटर शिकवायला दर वेळी कॉम्प्युटर लागतोच असं नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या लोकांनी याचे खेळच बनवलेत. पाच मुलं रांगेत उभी करा, प्रत्येकाच्या हातात पुठ्ठा, त्यावर ठिपके 16, 8, 4, 2, 1. पुठ्ठा दाखवला की चालू, उलटा केला की बंद, कॉम्प्युटर आकडे असेच नुसत्या चालू-बंदमध्ये लिहितो. आता सांगा, दिसणारे ठिपके मिळून 13 करा. थोडी धावपळ होते, मग 8, 4 आणि 1 वाले पुठ्ठा दाखवतात. 31 च्या पुढे का जाता येत नाही? "बाई, अजून एक मुलगा लागेल." त्याच्या पुठ्ठ्यावर किती ठिपके हवेत? 32! कोणी सांगावं लागत नाही. वीज गेलेल्या दिवशी याच्याइतका चांगला तास नाही.

वीज गेलेली चालते, पण पासवर्ड नको! सात वर्षांच्या मुलांना एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असलेला पासवर्ड देणाऱ्या माणसाने कधी सात वर्षांचं मूल जवळून बघितलं असेल असं मला वाटत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात बारा मिनिटं लॉगिन, मग दोन यंत्रांना त्याच वेळी अपडेट आठवतं, एकाचं चार्जिंग नाही, आणि दोन मुलं नुसतीच गोल गोल फिरणारं चिन्ह बघत बसलेली. वर तास झाल्याचा पुरावा म्हणून फोटो काढून अपलोड करायचा तो वेगळाच, आणि तो काढण्यासाठी सगळ्यांना पुन्हा हाताची घडी घालून स्क्रीनकडे बघायला लावायचं.

माझ्या हातात खरेदी दिली तर मी मागेन ती वर्गाच्या मागच्या भिंतीला लावलेली चार साधी यंत्रं, वेगळी लॅब नको, कारण लॅबला कुलूप असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात. चार मुलांच्या गटाला एक, बाकीचे तोवर कागदावर काम करतील, मग पाळी बदलायची. आणि स्क्रीनच्या पैशातून वाचेल त्यात एक दुरुस्तीवाला, जो महिन्यातून एकदा न बोलावता येईल, माऊस बदलेल, अपडेट सुट्टीच्या दिवशी करून ठेवेल. खरेदीच्या यादीत हा माणूस मी अजून कुठेच बघितलेला नाही.