आई भारतात राहते, हा काय गुन्हा झाला?

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, हात वर करून शपथ घेतली, टॅक्स वेळेवर भरतो. तरी सिक्युरिटी क्लिअरन्सचा, म्हणजे सरकारी गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीचा विषय निघाला की आपण संशयित! का, तर आई गावी राहते आणि सातबाऱ्यावर आपलं नाव आहे.

या क्लिअरन्ससाठीचा एसएफ-८६ हा फॉर्म ज्याने भरलाय त्यालाच माझी तडफड कळेल. शंभराच्या वर पानं. भाऊ-बहीण, सासू-सासरे, सगळ्यांची जन्मतारीख, पत्ता, नोकरी, शेवटचं कधी बोललात, किती वेळा बोलता. अहो, आईशी रोज बोलतो! 'जेवलास का', 'गुडघा दुखतोय', संपलं. वडील झेडपीचे मास्तर होते, आईला त्यांची फॅमिली पेन्शन मिळते. झालं, परदेशी सरकारचा पैसा घरात येतो! पाढे पाठ करून घेणाऱ्या माणसाच्या पेन्शनवर मुलाखतीत मला खुलासा द्यावा लागला.

आणि ती जमीन. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, काका-आत्यांच्या नावांखाली आमची नावं लागली. वाटणी नाही, बांधावरून भांडणं मात्र आहेत. फॉर्मला हवंय काय? मिळाली तेव्हाची किंमत डॉलरमध्ये आणि सगळे सहमालक कोण ते. वर हेही विचारतात की परदेशात पुढे मालमत्ता मिळणार आहे का. म्हणजे आई धडधाकट असताना मी तिच्या घराचा हिशेब मांडून ठेवायचा! लाज वाटली ते लिहिताना.

नियम कागदावर शहाणा आहे, हे मान्य. २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत नुसते परदेशी नातेवाईक असणं म्हणजे नकार, असं कुठेही नाही. त्यांच्यामार्फत तुमच्यावर दबाव येऊ शकतो का, हे बघायचं. मालमत्ता किरकोळ असेल तर तीही आड येऊ नये. पण हे सगळं पटवून द्यायचं कोणी? तुम्ही! क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगून टाकलंय. शंका उरली की ती देशाच्या बाजूने, तुमच्या नव्हे. सासू-सासऱ्यांशी तुमचं पटत नसलं तरी माया आहे असंच गृहीत धरतात. नाही, हे तुम्ही सिद्ध करा. कसं करणार, बायकोसमोर?

एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन आणि नौदलाचा जॉन वॉकर, रशियासाठी हेरगिरी करणारे हे दोघेही इथेच अमेरिकेत जन्मलेले. त्यांनी गुपितं विकली ती पैशासाठी, गावाकडच्या आईसाठी नाही. आणि इतकं खोदून घेतलेली माहिती सांभाळली का? २०१५ मध्ये उघड झालं की ओपीएम, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांचं काम बघणाऱ्या खात्याच्या सर्व्हरवरून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, त्यात हेच फॉर्म होते. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्याच हातात नातेवाइकांची यादी!

आता जो तो शहाणपणा शिकवतो, 'बहिणीच्या नावे हक्कसोड करून टाक, कटकट मिटेल.' करतो ना! त्यासाठी इथून मुखत्यारपत्र पाठवायचं, म्हणजे बहुतेकदा भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यायचं. आणि फॉर्ममध्ये पुढचा प्रश्न तयारच आहे: गेल्या सात वर्षांत कुठल्या परदेशी दूतावासाशी संपर्क आला होता का? नेहमीच्या व्हिसाच्या कामाला सूट आहे. जमीन सोडण्याच्या कामाला नाही.