मणक्याचं ऑपरेशन, रक्तस्राव आणि 'ते' इंजेक्शन : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, मणक्याच्या ऑपरेशनमधल्या रक्तस्रावावरचा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. रक्त गोठवणाऱ्या इंजेक्शनची मी भलामण करतो, पण त्यातून हार्ट अटॅक आला तर जबाबदार कोण? आणि पूर्वी रक्ताच्या दोन बाटल्या तयार ठेवल्या की भागायचं, मग आता एवढा खटाटोप कशाला?

आधी इंजेक्शन. त्यातलं ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड रक्त गोठवत नाही. जखम झाली की शरीर स्वतःच गुठळी बनवतं आणि पाठोपाठ ती विरघळवायलाही लागतं. मोठ्या ऑपरेशनमध्ये हे विरघळणं फार जोर धरतं, ते हे औषध थोपवतं. शोसुके आणि उताको ओकामोटो या जपानी दांपत्याने १९६२ मध्ये ते पुढे आणलं. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने जाणाऱ्या बायका वाचाव्यात, ही उताकोबाईंची तळमळ होती.

तरीही तुमची भीती अनाठायी नाही. २०२२ मध्ये या औषधाच्या पॉइज-३ या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदय सोडून इतर ऑपरेशनांचे ९,५३५ रुग्ण त्यात होते. गंभीर रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ वर आला. हृदय-रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती औषध मिळालेल्यांत १४.२ टक्के, न मिळालेल्यांत १३.९. फरक किरकोळ, पण सुरक्षिततेची आधी ठरवलेली कसोटी पार झाली नाही. म्हणून नुकताच स्टेंट बसवलेल्या, पायात गुठळी होऊन गेलेल्या किंवा फिट येणाऱ्या रुग्णाला आम्ही भूलतज्ज्ञ ते सरसकट देत नाही. आणि द्यायचं ते शिरेतूनच. पाठीतून भूल देताना चुकून हे औषध टोचलं गेल्याने रुग्ण दगावले आहेत, म्हणून त्याच्या अ‍ॅम्प्युल (औषधाच्या काचेच्या कुप्या) भुलीच्या औषधांपासून लांब ठेवायलाच हव्यात.

आता बाटल्या. रक्त भरत बसण्यापेक्षा ते मुळात कमी वाहू देणं बरं. मज्जारज्जूभोवतीच्या शिरांना झडपा नसतात. पालथं झोपवलेल्या रुग्णाचं पोट दाबलं गेलं की रक्त त्या शिरांत चढतं आणि सर्जनपुढचं सगळं लाल होऊन जातं. पोट मोकळं लोंबेल अशी चौकट रेल्टन आणि हॉल यांनी १९६७ मध्येच दाखवली होती. माझ्या मते इंजेक्शनपेक्षा ही दहा मिनिटांची मांडामांड मोलाची आहे, आणि घाईत हीच राहून जाते. बीपी फार खाली आणून रक्त वाचवण्याची जुनी रीत मात्र मला पटत नाही. मज्जारज्जूचा आणि डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा त्यात धोक्यात येतो.

शिवाय बाटलीने हिमोग्लोबिन वाढतं, पण पाठीत साचलेलं रक्त हटत नाही. टाके घातल्यावर आत जागा बंदिस्त असते. थोडीशी गुठळीही नसा दाबू शकते. ड्रेन (साचणारं रक्त बाहेर काढणारी नळी) आहे म्हणून निश्चिंत राहू नये, तो तुंबतो. वाढत जाणाऱ्या वेदना, पायातली ताकद कमी होणं, बैठकीची जागा बधिर होणं, लघवी अडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राऊंडची वाट पाहायची नाही, त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवायचं.

तुमच्या आईंचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे आणि हिमोग्लोबिन ९ आहे, असं तुम्ही लिहिलंय. ते कमी का, हे आत्ताच तपासून घ्या. लोहाची कमतरता निघाली तर महिनाभरात बरंच भरून काढता येतं. त्यांचं क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घ्यायचं औषध) कधी थांबवायचं हे मात्र हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारा, परस्पर बंद करू नका.