उरलेलं आठशे मिली

दसरा होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच आमच्या गाडीचा दुसरा गिअर रुसला. म्हणजे पडायचा, पण मानपान झाल्याशिवाय नाही, अधिक महिन्यातल्या जावयासारखा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्येच अडायचा, मी परत न्यूट्रल करायचो, परत विनवणी, मग एकदाचा खट्ट. आणि रिव्हर्सचं तर विचारूच नका. पार्किंगमधून गाडी काढताना असा कर्रर्र आवाज यायचा की गाड्यांखाली झोपलेली दोन्ही मांजरं उठून निघून जायची.

दसऱ्याला पूजा केली तेव्हा गाडी एकदम ठणठणीत होती. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, मेव्हण्याने तर गाडीत पायाखाली अंथरायच्या नवीन सेव्हन डी मॅटचा सेट आणला होता (तीन डीच्या पुढच्या चार डी कुठल्या हे विचारायचं नसतं, मेव्हण्याला राग येतो), तो बसवला, सगळ्यांनी पेढे खाल्ले. आणि पंधरा दिवसांत हे.

आता ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला दुसरा गिअर म्हणजे काय हे बाकीच्यांना नाही कळणार. कासारवडवलीहून निघून कापूरबावडी येईपर्यंत तिसरा लागला तर त्या दिवशी ऑफिसात सांगण्यासारखी गोष्ट झाली. मेट्रोच्या खांबांच्या बाजूने पहिला, दुसरा, पहिला, न्यूट्रल, पहिला, दुसरा, रिक्षावाला आडवा आला, परत पहिला, असं मानपाड्यापर्यंत नुसतं जपमाळ ओढल्यासारखं चालतं. पाचवा गिअर आपल्या गाडीत आहे हे मला गणपतीत गावाला जातानाच आठवतं.

रात्री एक वाजता मोबाईलवर व्हिडिओ बघून मी निदान केलं, गिअर ऑइल. गाडी ब्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली आणि गिअर ऑइल एकदाही बदललेलं नाही. इंजिन ऑइल आपण दर वर्षी बदलतो, त्याचं कौतुक भरपूर, गिअर ऑइल बिचारं घरातल्या थोरल्या सुनेसारखं, काम करतंय ना, मग विचारायचं कशाला. सर्व्हिसिंगच्या बिलांवर दर वेळी ‘गिअर ऑइल चेक’ समोर टिकमार्क आहे. विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "सर ते लाइफटाइम असतं." कोणाच्या लाइफटाइमचं, ऑइलच्या, गाडीच्या का माझ्या, हे त्याने सांगितलं नाही.

मग सुरू झाली निवड. मला वाटलं होतं दुकानात जायचं, गिअर ऑइल द्या म्हणायचं, घ्यायचं, यायचं. नौपाड्यातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पंच्याहत्तर ऐंशी, पंच्याहत्तर नव्वद का ऐंशी नव्वद?" मला वाटलं भाव सांगतोय. म्हटलं, पंच्याहत्तर चालेल.

घरी येऊन गाडीचं मॅन्युअल शोधलं. दहा वर्षं ते प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं, पीयूसीची जुनी सर्टिफिकेटं त्याच्या पोटात. त्यात लिहिलेलं, ७५डब्ल्यू-८०, जीएल-४, २.२ लिटर. जीएल हा गिअर ऑइलचा वर्ग, २.२ म्हणजे किती मावतं ते. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा तो आकडा. ठाण्यात थंडी म्हणजे येऊरकडून जरा वारा आला आणि पंखा चारवरून तीनवर केला, तेव्हा हा आकडा मी मनातल्या मनात माफ केला. दुसरा आकडा गरम झाल्यावरच्या जाडीचा. आणि इथे मी घाबरलो होतो, कारण इंजिनमध्ये आपण तीस-चाळीस नंबर घालतो आणि इथे ऐंशी-नव्वद, म्हणजे हे काय काकवी आहे का? तर नाही, दोघांची मोजपट्टीच वेगळी आहे, गिअरचं नव्वद हे जाडीला इंजिनच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच भरतं. ही माहिती मी घरात सगळ्यांना जेवताना सांगितली. आई म्हणाली भात घे.

पहिल्या मजल्यावरचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी चष्मा पुसला आणि एका वाक्यात निकाल दिला.

"नव्वद नंबर टाक आणि मोकळा हो."

"काका पण मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलंय."

"आमच्या वेळी जीएल नव्हतं. नव्वद नंबर आणि एकशेचाळीस नंबर. पॅसेंजर घेऊन खंबाटकी चढायच्या गाड्या."

यावर काय बोलणार. खंबाटकीच्या पुढे माझा गायमुखचा घाट म्हणजे रॅम्पच.

पण जीएलचं प्रकरण मी सोडलं नाही, कारण दुकानदाराने दुसऱ्या फेरीत मला जीएल-५ ची बाटली काढून दिली आणि म्हणाला, "हे घ्या, पाच म्हणजे चारच्या वरचं." आपल्याकडे पाचवीतलं पोरगं चौथीतल्यापेक्षा हुशार असतं तसा त्याचा हिशोब. मी घेतलीच होती, पण बाहेर येऊन फुटपाथवर उभं राहून वाचलं आणि परत आत गेलो. गोष्ट अशी आहे की गिअरबॉक्समध्ये वेगवेगळ्या वेगाने फिरणारे भाग एकमेकांत अडकायच्या आधी त्यांचा वेग जुळवायला मध्ये सिंक्रो रिंग असते, बऱ्याच गाड्यांत पितळेची. ती घासून वेग जुळवते. म्हणजे ऑइलने दातांना सांभाळायचं पण रिंगेला घसरू द्यायचं नाही, अशी दोन्ही घरची कामं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसवालं जे केमिकल असतं ते जीएल-४ च्या साधारण दुप्पट, ते डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या, दातांना बेस्ट, पण पितळेच्या रिंगेला ते नको तितकं निसरडं होतं आणि काही ऑइलं तर पितळ खातातसुद्धा. त्याच दिवशी सकाळी घरी आई दिवाळीसाठी समया चिंचेने घासत बसली होती. ती काळी पडलेली समई आठवून मला एकदम माझ्या रिंगा डोळ्यांपुढे आल्या. बाटली बदलून घेतली. दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं जसं मी वडापाव घेऊन पाव परत केला.

आता २.२ लिटर. बाटली एक लिटरची. म्हणजे तीन घ्यायच्या आणि आठशे मिली उरणार. हे २.२ ज्या कोणी ठरवलं त्याला मला एकदा भेटायचंय. दोनशे मिली, अहो दोनशे मिलीसाठी तिसरी बाटली! चहावालाही कटिंग देतो.

दिवाळीच्या आधीचा रविवार धरला. मेकॅनिककडे न्यायचं सोडून स्वतः करायचं का ठरवलं याचं उत्तर माझ्याकडे नाही, व्हिडिओतला माणूस खूप शांत होता एवढंच. वीस मिनिटं गाडी फिरवून आणली, ऑइल गरम झालं की नीट उतरतं म्हणून. जॅक लावला, खाली स्टँड लावले, आणि पाना घेऊन सरळ खालचा ड्रेन नट खोलायला गेलो तर वरून गॅलरीतून काकांचा आवाज, "आधी वरचा!"

"काका आधी जुनं काढायचंय ना?"

"आधी भरायचा नट खोल. तो नाही खुलला आणि खालून सगळं सोडलंस तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी घेऊन कुठे जाशील?"

हे वाक्य ऐकून माझ्या पाठीतून जे गेलं ते सांगता येत नाही. काका बनियनवरच खाली आले. भरायचा नट ब्याऐंशी हजार किलोमीटर तिथेच बसून होता, तो काय माझ्या एका रविवारसाठी उठणार. पान्याला पाइप लावून जोर काढला तेव्हा कट्ट करून सुटला, त्या आवाजाला मी नट तुटला असं समजून डोळे मिटून घेतले होते.

मग खालचा. काळं, रंगाच्या रिकाम्या डब्यात संथ धार लागली, आणि वास! सडलेलं अंडं, त्यावर हिंग, आणि कुणीतरी टायर जाळलाय. गंधकाचा वास तो. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं गॅस लीक आहे का. ड्रेन नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर करडा लगदा साठला होता, बोटावर घेऊन चोळला तर काजळासारखा मऊ. काका म्हणाले लगदा असला तर ठीक, बारीक कण असतात, तुकडे सापडले असते तर दिवाळी गॅरेजवाल्याची. नट पुसला, नवीन वायसर घातला, हा वायसर वीस रुपयांचा असतो आणि तो विसरला की गाडी जिथे उभी राहील तिथे सही करते.

भरणं हा वेगळाच योग. गाडी खाली उतरवून सपाट केली, कारण भोकातून ऑइल बाहेर सांडायला लागलं म्हणजे लेव्हल आली असा हिशोब, तिरक्या गाडीत तो चुकतो. पण भोक अशा ठिकाणी की तिथे बाटली जात नाही, हात जातो पण परत येताना कातडं ठेवून येतो. हार्डवेअरमधून गवंडी लेव्हलसाठी वापरतात तो पारदर्शक पाइप दीड मीटर आणलेला, त्याचं एक टोक भोकात, दुसरं वर बॉनेटजवळ, त्याला आईचं शेंगदाण्याच्या तेलाचं नरसाळं. ते नरसाळं मी न विचारता आणलेलं हे इथे कबूल करतो. गार ऑइल पाइपातून उतरताना बघणं म्हणजे सरकारी फाइल बघणं, दिसते सगळी, हलत नाही. तासभर मी नरसाळं धरून उभा, काका खाली वाकून, आणि वॉचमन येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती देतोय. शेवटी भोकातून धार आली, ट्रेमध्ये कमी आणि चेअरमन साहेबांनी नुकत्याच बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर जास्त.

आईने वरून गेल्या वर्षीची रांगोळी पाठवली, पाव पाव किलोची चार पाकिटं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ऑइल झक्कास ओढून घेते. मी वर जाऊन साबणाने तीनदा हात धुवून खाली येईपर्यंत बिल्डिंगमधल्या पोरींनी त्या डागावर मोर काढला होता. चेअरमन साहेबांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, "पार्किंगमध्ये दिवाळीची सुरुवात". मी अंगठा दिला.

राहिलं आठशे मिली. ते फेकवत नाही. बाटली पुढे डाव्या सीटखाली ठेवली, जुनं काळं ऑइल डब्यात घेतलं, गटारात ओतायचं नसतं म्हणून वागळे इस्टेटच्या एका गॅरेजला द्यायला निघालो. गिअर जरा मऊ वाटला. वाटला म्हणजे मी वाटून घेतला. तीन हात नाक्याला पुढच्या बसने ब्रेक मारला, मी मारला, सीटखालून बाटली निघाली आणि झाकण मी कधीच नीट लावत नाही हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

त्या वासात मी घरी कसा आलो ते जाऊ दे. सेव्हन डी मॅट बाहेर काढलं. एकच धुवायचं तर सगळीच काढली, सेट आहे. गच्चीवर सर्फ लावून घासली, वाळत टाकली.

आणि सोमवारी सकाळी चमत्कार. रिव्हर्स टाकला, आवाज नाही. दुसरा असा पडला की खरंच पडलाय का हे खाली बघावं लागलं. मानपाड्यापर्यंत मी गरज नसताना गिअर बदलत गेलो. ऑफिसात लेक्चर, बिल्डिंगच्या ग्रुपवर लेक्चर, जीएल-४ का, पितळ का, चिंच का, सगळं. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी त्याच संध्याकाळी तीन बाटल्या आणल्या आणि म्हणाले येत्या रविवारी आमच्या गाडीचं करू, तुमचा हात बसलाय.

गुरुवारी मॅट वाळली. बसवली. रिव्हर्स टाकला.

कर्रर्र.

काका पेपर घेऊन तिथेच बाकड्यावर होते. उठले, दार उघडलं, वाकले, क्लच हाताने दाबला. मग मॅटची जाड गुबगुबीत कड दोन बोटांत धरून मला दाखवली, पेडलच्या बरोब्बर खाली.

"क्लच तळाला टेकतोय कुठे? अर्धवट दाबून गिअर टाकतोयस. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रोच नसतो, तो ओरडला की आधी क्लच बघायचा."

"काका, मग हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू ऑइलचं विचारलंस. मी ऑइलचं सांगितलं." पेपर उघडून परत बसले. मग पेपरामागून, "तसं ते बदलायलाच झालेलं."

मॅट आता माळ्यावर आहे. मेव्हणा भाऊबीजेला येणार आहे, तेव्हा दोन तासांसाठी ती खाली येईल आणि गाडी जागची हलणार नाही. तिसऱ्या मजल्यावर मी अजून काही बोललेलो नाही. त्यांनी पाइप आणलाय, नरसाळंही नवीन आणलंय, आणि काल लिफ्टमध्ये भेटले तेव्हा फार प्रेमाने म्हणाले, "आमचीही २.२ चीच गाडी आहे. उरलेलं आठशे मिली तुम्हालाच देतो."