बागुलबुवासाठी ठेवलेलं दार

"कर नाही त्याला डर कशाला?" रविवारी फोनवर दादाने पुन्हा ऐकवलं. विषय तोच. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते व्हॉट्सअ‍ॅपने शोधून द्यायचं की नाही? कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हापासून दादाच्या मते ती अतिरेक्यांना, ड्रग्जवाल्यांना आणि लहान मुलांचे घाणेरडे व्हिडिओ फिरवणाऱ्यांना पाठीशी घालते आहे. हे तीन बागुलबुवे पुढे केले की बोलणंच खुंटतं. त्यांची बाजू कोण घेणार?

मीही घेत नाही. पण पहिला पाठवणारा सापडायला हवा असेल, तर सगळ्यांच्या सगळ्या मेसेजांवर आधीपासून खूण ठेवावी लागते. उद्या कोणता मेसेज गुन्ह्यात निघेल हे आज कोणाला ठाऊक? शिवाय पोलिसांसाठी ठेवलेल्या दारातून फक्त पोलीसच शिरतात असं नाही. ग्रीसमधल्या एका मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत पोलिसांना फोन ऐकता यावेत म्हणून सोय होती. २००४ मध्ये, ऑलिंपिकच्या सुमारास, ती कोणीतरी गुपचूप चालू केली आणि शंभराहून जास्त फोन महिनोन्‌महिने ऐकले. त्यांत खुद्द पंतप्रधानांचा फोन होता!

दादा म्हणतो, "बर्लिनमध्ये बसून बोलायला काय जातं?" ते लागतं. मग मीही सुनावतो, की इथे १९८३ साली लोक जनगणनेविरुद्ध कोर्टात गेले आणि कोर्टाने ती रोखली. घर बदललं की दोन आठवड्यांत मी निमूटपणे आनमेल्डुंग, म्हणजे नव्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद, करून येतो, हे मात्र सांगत नाही. आपल्याकडे २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, हेही तेव्हा तोंडातून निघत नाही. त्या दिवशी ऑफिसात मी ते ज्याला त्याला सांगत होतो, "आमच्याकडे" म्हणून.

मला इथे मत नाही. तिथे आहे, पण ते द्यायला स्वतः जावं लागतं, आणि अकरा वर्षांत एकदाही जमलेलं नाही. घर म्हणून जे उरलंय ते फोनमध्येच. गेल्या वर्षी आईने सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवला होता. कागद तिरका, कोपऱ्यात तिचा अंगठा, खाली लिहिलेलं, "दादाला इतक्यात सांगू नकोस." ऊ-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्याउभ्या मी तो तीनदा वाचला. (आता ती बरी आहे, दादालाही सगळं कळलंय.) त्याच रविवारी दादाने विचारलं, "तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?"

मी गप्प बसलो.