भंगाराचा कायदा गल्लीत नको, काट्यावर लावा

शेतातल्या बोअरची केबल नाहीतर मोटार चोरीला गेली की आमच्या बेळगावच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नसतो. कोण म्हणतं भंगारवाल्यांची दुकानंच बंद करा, कोण म्हणतं प्रत्येकाला लायसन पायजे आणि रोख बंद, आणि मग हमखास मला टॅग होतं, "तुमच्या इंग्लंडात कसं असतंय सांग की ह्यांना". मी बर्मिंगहॅमच्या जवळ डडलीच्या बाजूला राहतो, धातूच्या कास्टिंगच्याच धंद्यात, आधी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत होतो, त्यामुळे भंगार दोन्हीकडचं बघितलंय. आता एकदाच सविस्तर लिहितो, परत टॅग करू नका.

इकडे 2013 चा स्क्रॅप मेटल डीलर्स ॲक्ट आहे, इंग्लंड आणि वेल्सपुरता. भंगाराचं यार्ड असो की व्हॅन घेऊन फिरणारा, कौन्सिलचं, म्हणजे आपल्या महापालिकेसारखं, लायसन लागतं, तीन वर्षांचं. यार्डात माल घेऊन गेलात की पहिल्यांदा फोटो असलेलं ड्रायव्हिंग लायसन नाहीतर पासपोर्ट, पत्ता, गाडीचा नंबर, माल काय नि किती सगळं लिहून घेतात आणि पैसे बँकेत नाहीतर चेकने, हातात एक पाउंड ठेवत नाहीत. ती नोंद त्यांना तीन वर्षं जपून ठेवावी लागते. मी एकदा घरातला जुना बॉयलर आणि तांब्याचे पाइप घेऊन गेलो तर काउंटरवरच्या बाईने पाइपची टोकं उलटीपालटी करून बघितली, कापलेत कुठे, जळलेत का, आणि शांतपणे विचारलं की काम कुठल्या घरात झालं. जळकी तार बघितली की त्यांचे कान लगेच टवकारतात, कारण प्लास्टिक जाळून तांबं काढणारा सहसा स्वतःच्या घरची केबल जाळत नाही.

हे सगळं ग्रुपवर सांगितलं की वाहवा होते, "बघा, देश असा असतो". पण पुढचं कोणी विचारत नाही. हा कायदा आला कारण चर्चच्या छपरावरचं शिसं, रेल्वेची सिग्नलची केबल, महायुद्धात मेलेल्यांच्या स्मारकावरच्या पितळी पाट्यासुद्धा लोक काढून न्यायला लागले होते. रोख बंदी त्याच्या आधीच म्हणजे 2012 च्या डिसेंबरात आली होती, फक्त तेव्हा गल्लीत फिरणाऱ्याला सूट होती, 2013 च्या कायद्याने तीपण काढली. झालं काय? गल्लीतला व्हॅनवाला आता पैसेच देत नाही. चार किलो लोखंडासाठी बँक ट्रान्सफर कोण करत बसणार, लोक जुनं वॉशिंग मशीन दारात ठेवतात, दुपारपर्यंत ते गायब, मालकाला शून्य. आणि चोरी थांबली म्हणावं तर तेही नाही, ऱ्होडियम नि पॅलेडियमचे भाव चढले तसे हे धातू असलेले, गाड्यांच्या खालचे धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर रात्रीत कापून न्यायला लागले, कायदा होता तिथेच होता.

आता आपल्याकडे बघा. बेळगावच्या वडगावात माझी काकू भंगारवाल्याच्या गाड्याशी उभी राहून किलोमागे दोन रुपयांसाठी अर्धा तास घालवते, तो लोहचुंबक काढून कडीला लावतो, चिकटलं की "वैनी हे पितळ नव्हं, वरनं पाणी दिलंय नुसतं" म्हणतो, ती म्हणते काट्याखाली बोट घालू नको, आणि शेवटी दीडशे रुपये हातात पडतात. ते दीडशे तिचे असतात. इंग्लंडचा कायदा जसाच्या तसा आणून ह्या गाड्यावर बसवला तर काकूला आधार कार्ड दाखवायला लागणार आणि भंगारवाला म्हणणार, फुकट देणार असलीस तर दे. ही सुधारणा मला नको.

मग चोराचं काय? चोराचा माल गाड्यावर थोडाच राहतो. पंपाच्या मोटारीचं तांबं, हेस्कॉम ह्या वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरमधलं वायंडिंग, रस्त्यावरची बिडाची झाकणं, हे सगळं शेवटी कुठल्यातरी मोठ्या गोडाऊनच्या काट्यावर चढतं आणि तिथनं भट्टीत. उद्यमबाग, माछे, पलीकडे कोल्हापूरकडचं शिरोली नि गोकुळ शिरगाव, फाउंड्र्यांना भंगार रोज लागतंच, इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, एकदा वितळलं की ते कुठल्या शेतातलं होतं हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून नोंद पाहिजे ती भट्टीच्या आधीच्या काट्यावर. कायदा नाही असं नाही, चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या 317 कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, असा माल घेण्याचा धंदाच असेल तर त्याहून कितीतरी जास्त, आणि रेल्वेचं सामान निघालं तर 1966 चा वेगळाच कायदा, पाच वर्षांपर्यंत. पण "वाटायला कारण असून" हे सिद्ध कसं करणार, वहीच नसेल तर? नवी कोरी केबल सोलून वीस किलो तांबं कोण आणून टाकतंय हे गोडाऊनवाल्याला कळत नाही यावर माझा विश्वास नाही.

आणि इंग्लंडला 2012 मध्ये जे नव्हतं ते आपल्या प्रत्येक पानपट्टीवर आहे, क्यूआर कोड. रोख बंद न करताही मोठ्या मालाचे पैसे यूपीआयने दिले की कोणी कोणाला कधी दिले ते आपोआप राहतं. पण 2025 च्या जुलैत कर्नाटकाच्या कमर्शियल टॅक्स खात्याने नेमक्या यूपीआयच्या आकड्यांवरनंच छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, बेंगळूरात कितीतरी जणांनी क्यूआर काढून "फक्त रोख"चे बोर्ड लावले. आता भंगारवाल्याला सांगा तू यूपीआय घे, तो हात जोडणार. एका हाताने नोंद ठेवा म्हणायचं आणि नोंद ठेवली की तीच वही गळ्यात अडकवायची, असं केल्यावर लोक वहीच फाडतात.

सीमाभागातली गंमत आणखी वेगळी. वर्षाला 40 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या भंगारवाल्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, बरोबर, पण ते राज्याच्या आत विकला तर. त्याने तोच टेम्पो वेंगुर्ला रोडने शिनोळीला नेला तर ते महाराष्ट्र, आंतरराज्य विक्री, म्हणजे उलाढाल कितीही असली तरी नोंदणी आलीच, आणि माल 50 हजारांच्या वर असेल तर ई-वे बिलपण. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे पण भंगाराच्या टेम्पोपुरता जीएसटीवाल्यांनी निकाल देऊन टाकलाय! 10 ऑक्टोबर 2024 पासून आणखी एक, नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीवाल्याने मेटल स्क्रॅप घेतलं तर माल घेणाऱ्यानेच टॅक्स भरायचा. हा नियम मला आवडला, कारण ओझं गाड्यावर न टाकता मोठ्या काट्यावर टाकलंय, खोट्या बिलांचा धंदा ह्याच लाइनीत किती चालायचा ते उद्यमबागेत विचारा. घरची भांडीकुंडी विकणाऱ्याचा ह्याच्याशी संबंध नाही, ते धंद्यात धरत नाहीत, काकूने घाबरू नये.

वाहनांचं मात्र घाबरावं. मामाची एमएच 09 नंबरची जुनी स्कूटर शहापुरात बोळात गंजत पडलीय आणि सगळे म्हणतात देऊन टाक वजनावर. इकडे इंग्लंडात गाडी मोडीत देताना अधिकृत यार्डाला द्यायची आणि डीव्हीएलएला, म्हणजे इकडच्या आरटीओला, कळवायचं, नाही कळवलं तर हजार पाउंडपर्यंत दंड, म्हणून सहसा कोणी चुकत नाही. आपल्याकडेही नोंदणी रद्द करायला 14 दिवसांत आरटीओला कळवायचा नियम आहेच आणि 2021 पासून अधिकृत स्क्रॅपिंग सेंटरची सर्टिफिकेटं आलीत, पण नंबर कोल्हापूरचा आणि गाडी बेळगावात म्हटल्यावर कोण धावपळ करणार, आरसी बुक कपाटात तसंच राहतं. उद्या त्या चासी नंबरावर दुसरीच गाडी फिरली तर पोलिस मामाच्या दारात येणार, भंगारवाल्याच्या नाही. घरचा गॅस सिलिंडर तर विकूच नका, तो कंपनीचा असतो. देवघरातली शंभर वर्षांच्या वरची मूर्ती असेल तर ती वजनावर घालायची नाही आणि माझ्यासारख्याने बॅगेत घालून परदेशीही न्यायची नाही, 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा त्याला लागतो.

सगळ्यात जास्त सध्या विचारतात ते वडगाव, खासबागचे विणकर, कारण पॉवरलूम मोडीत निघालेत आणि गिऱ्हाईक घाईवर बसलंय. त्यांना एवढंच सांगतो. लूम कर्जावर घेतला असेल तर बँकेची एनओसी आधी हातात घ्या, बोजा असलेली मशीन विकली तर बँक पोलिसात जाऊ शकते. वडलांच्या नावावर असेल आणि ते नसतील तर भावाबहिणींची सही एका कागदावर घ्या, नंतर भांडणं होतात. लूमचे नि त्याच्यावरच्या नंबरच्या पाटीचे फोटो काढून ठेवा. वजन घेणाऱ्याच्या काट्यावर करू नका, बाहेरच्या वे-ब्रिजवर रिकामा आणि भरलेला टेम्पो दोन्ही तोलून पावती घ्या, पावती कन्नडात असो की इंग्लिशमध्ये, आकडे सगळ्यांना वाचता येतात. आणि मोटार काढून वेगळी विका, तिच्यातलं तांबं बिडाच्या भावात देऊ नका.